रोहिणीतल्या वाटा

तळेऱ्याला माणसं उतरतात ती बहुतेक करून पुढची गाडी धरायला. मुंबई-गोवा महामार्ग इथून जातो. वैभववाडीवरून गगनबावडा चढून कोल्हापूर गाठणारा रस्ता इथेच फुटतो आणि पश्चिमेला विजयदुर्गाकडे उतरणाराही इथलाच. मे संपत आला की नाका चाकरमान्यांनी भरतो. सुतळीने आवळलेले फणस, आंब्याच्या पेट्या, सोलांच्या पिशव्या, आणि त्यांच्या मधोमध पेंगणारी पोरं. पहाटे साडेपाचला या सामानातून सायकल काढत मी नाका ओलांडतो. पाठीवर दोन लिटर पाणी, पंपाची नळी, पंक्चरचं सामान आणि एक घडी पडून पडून फाटायला आलेला गावनकाशा.

मला ज्या वाटांवर जायचं असतं त्या नाक्यावरच्या पाटीवर नसतात.

25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो आणि 7-8 जूनला मृग लागतो. मधला हा पंधरवडा सायकलवाल्याने कोकणात कधी चुकवू नये. पाहुणे येतात ते श्रावणात, हिरवं बघायला. पण श्रावणात वाट दिसत नाही. छातीएवढं गवत असतं, प्रत्येक व्हाळ भरून वाहत असतो, साकवापलीकडे पाऊल टाकायची सोय नसते. दिवाळीनंतर गवत वाळतं तरी उभंच असतं. माघ-फाल्गुनात ते कापून नेतात, भाजावळीसाठी कवळ तोडतात, पातेरा गोळा करतात, उरलंसुरलं गुरं खातात. आणि मग रोहिणीत सगळी जमीन उघडी पडते. डोंगराच्या अंगावर जिथे जिथे कोणी शंभर-दोनशे वर्षं चाललं असेल तिथे तिथे, केसांत भांग पडावा तशी, वाट उमटते. पहिले दोन पाऊस पडले की ती पुन्हा बुजणार असते. म्हणून हे पंधरा दिवस.

अशा वाटांतली माझी सगळ्यांत लाडकी म्हणजे पाणंद. दोन्ही बाजूंना गडगे, चुना-मातीशिवाय नुसते दगडावर दगड बसवलेले. मधली वाट दोन्हीकडच्या जमिनीपेक्षा हात-दोन हात खोल गेलेली, कारण उन्हाळ्यात ती गाडीच्या चाकांनी खणली आणि पावसाळ्यात पाण्याने. वरून काजूच्या फांद्या आणि करवंदीच्या जाळ्या एकमेकींत गुंतलेल्या. बाहेर सात वाजताच घाम फुटत असला तरी आत गारवा असतो, आणि पिकून फुटलेल्या रायवळ आंब्यांचा आंबूस वास.

पाणंदीत सायकल चालवणं हे सगळ्या अंगाने चालवणं असतं. नजर पुढच्या चाकावर ठेवायची नाही, दहा-बारा हात पुढे ठेवायची. दोन्ही पॅडल जमिनीला समांतर, नाहीतर गडग्यातून निसटलेला एखादा चिरा पॅडलला ठोकतो आणि माणूस जाळीत. खाली काजूच्या वाळक्या पानांचा थर असतो. त्याखाली जांभ्याचे बारीक गोल खडे, सायकलच्या बेअरिंगमधल्या छऱ्यांसारखे. पानावरून चाक सरकतं, छऱ्यांवरून घसरतं, आणि दोन्ही एकदम झालं की ब्रेकला हातसुद्धा लावायचा नाही. मी नाक्यावरून निघतानाच दोन्ही चाकांतली थोडी हवा सोडून देतो. मऊ टायर दगडाला धरून राहतो. हे शिकायला मला दोन उन्हाळे लागले.

जांभा हा लाल दगड आमच्या सगळ्या आयुष्याखाली आहे. घरं त्याची, विहिरी त्याच्या, गडगे त्याचे, देवळाची जोतीही त्याचीच. खाणीतून काढताना तो कुऱ्हाडीने तासता येईल इतका नरम असतो आणि वाऱ्या-उन्हात राहिला की घट्ट होत जातो. फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश डॉक्टराने मलबारात अंगाडिपुरमजवळ हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि 1807 साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटराइट म्हटलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत गेलेलं हे नाव एका चिरेखाणीच्या काठावर सुचलेलं आहे, याचा मला दर वेळी आनंद होतो.

पण तळेऱ्याहून थोडं कासार्ड्याकडे वळलं की जमीन एकदम रंग पालटते. तिथे सिलिकाची पांढरी वाळू आहे, काचेसाठी आणि ओतकामासाठी जाते ती. जांभ्यावर खडखडणारा टायर त्या वाळूत शिरला की आवाजच बंद होतो. चाक रुततं, हँडल आपल्या मर्जीने वळू पाहतं. अशा वेळी ते घट्ट धरलं की पडायचंच. वजन मागे घ्यावं, हात सैल सोडावेत, पाय मात्र थांबवू नयेत. संध्याकाळी घरी येऊन पडवीत पाय धुवायला बसलो की पोटऱ्यांवर खाली लाल थर आणि त्यावर पांढरा. कुठून कुठे गेलो ते पायांवरच वाचावं.

नव्या वाटा शोधायच्या म्हणून मी हे डोंगरात सायकल चालवणं सुरू केलं होतं. आज ‘नव्या’ हा शब्द वापरताना मी थांबतो. या खेळाचं मूळ सांगतात ते अमेरिकेतलं, कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या माउंट टॅमलपायस डोंगराचं. 1970 च्या दशकात तिथल्या काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या, मोडीत निघालेल्या सायकली दुरुस्त करून डोंगरावरून सोडल्या. 1976 साली त्यांनी एका उतारावर शर्यत लावली. उतरताना मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागे, म्हणून त्या उताराचं नावच ‘रिपॅक’ पडलं. वीस वर्षांनी, 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकिंग दाखल झालं. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या मुलांनी वाट काढली नव्हती. जंगलातले वणवे विझवायला गाड्या नेता याव्यात म्हणून काढलेला तो मातीचा रस्ता होता. दुसऱ्या कुणाच्या कामाच्या वाटेवर हा खेळ जन्मला.

आमच्याकडे तर हे आणखी खरं आहे. तळेऱ्याच्या उत्तरेला खारेपाटण. आज महामार्गावरचं एक गाव, पण एके काळी विजयदुर्गाच्या खाडीतून गलबतं इथवर येत आणि इथला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जाई. शिलाहार रट्टराजाचा शके 930 चा, म्हणजे 1008 सालचा ताम्रपट याच गावात सापडला. हजार वर्षांपूर्वी ज्या गावात ताम्रपट राखून ठेवण्याइतकी वहिवाट होती, त्या गावाला घाटाकडे जाणाऱ्या वाटा नसतील कशा? मला एका चढावर जांभ्याच्या उघड्या कातळात बशीसारखे झिजलेले खळगे दिसले होते, एकामागून एक, बैलाच्या पावलाच्या अंतरावर. ते बैलांनीच केले की पाण्याने, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण सायकल खांद्यावर घेऊन मी त्या खळग्यांत पाय ठेवत वर गेलो तेव्हा प्रत्येक पाऊल बरोबर बसत होतं.

वर सडा. झाड नाही, सावली नाही, नुसता काळवंडलेला कातळ आणि क्षितिजापर्यंत वारा. इथे मात्र जपून. कोकणच्या सड्यांवर प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पं आहेत. राजापूर तालुक्यातलं बारसू आणि देवाचे गोठणे, आमच्या जिल्ह्यातल्या मालवण तालुक्यातलं कुडोपी ही ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कितीतरी चित्रं मातीखाली असतील, अजून कोणाला दिसली नसतील. म्हणून कातळात जरा कुठे सरळ कोरीव रेघ दिसली की मी उतरतो आणि सायकल हातात धरून चालतो.

सड्यावरून उतरेपर्यंत अकरा वाजलेले असतात आणि पाणी संपलेलं. रोहिणीत व्हाळांत नुसते गोटे असतात, विहिरींचा तळ दिसतो. अशा तहानेत मी पहिल्यांदा नाधवड्याला पोचलो. तळेरे-वैभववाडी रस्त्याच्या पट्ट्यातलं हे गाव. महादेवाच्या देवळापाशी जमिनीतून पाणी वर येतं, त्याला उमाळा म्हणतात. मी काठावर पालथा पडून बराच वेळ बघत राहिलो. तळाची वाळू एका जागी हलकेच उचलते, तिच्यातून बुडबुड्यांची माळ सुटते, वाळूचे कण वर येऊन नाचतात आणि पुन्हा बसतात. थोडा वेळ काही नाही. मग हातभर अंतरावर दुसरीकडे तेच. कुठे खळखळ नाही, घाई नाही. सगळा मुलूख तहानलेला असताना जमीन इथे आपणहून पाणी देते. मनात माया दाटून येते त्याला मराठीत उमाळाच म्हणतात, आणि तो शब्द कुठून आला असेल हे मला त्या दिवशी डोळ्यांनी कळलं. इथून गोठणा नदी निघते आणि पुढे हेच पाणी नापण्याच्या धबधब्यावरून कोसळतं. म्हणून सगळे धबधबे वाळलेले असतात तेव्हाही नापणे वाहत असतो.

तिथून परतताना मी मुद्दाम नकाशातली वाट धरतो. आमच्या गावनकाशांवर वाटा स्पष्ट दाखवलेल्या असतात. तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग. गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्ग सव्वाआठ फूट. कागदावर त्या आजही तितक्याच रुंद आहेत. जमिनीवर मात्र दर वर्षी एखादी कमी होते. गेल्या उन्हाळ्यात मी ज्या पायमार्गाने उतरलो होतो तिथे यंदा काटेरी तार आली. जमीन विकली गेली, नव्या मालकाने कुंपण घातलं, आणि वाट कुंपणाच्या आत गेली. गावातल्या कोणी तक्रार केली नाही, कारण गावातलं कोणी त्या वाटेने जातच नव्हतं.

ती तार दिसली त्याच दिवशी हेच मला एका आजीने सांगितलं. खळ्यात रतांबे फोडत बसली होती. आडवा नारळ फोडावा तसा एकेक रतांबा अंगठ्याने उलगडायचा, बिया एका टोपात, साली सुपात. तिचे हात मनगटापर्यंत जांभळे झाले होते.

“खंयसून इलंस रे बाबा?”

“तळेऱ्यासून, आजी. ही पाणंद पुढे जाता मा?”

“जाता. पण माणसा नाय आता त्या वाटेन. आमची गोरवां होती तवसर वाट होती. गोरवां गेली, वाट गेली.”

तिने तांब्याभर पाणी दिलं आणि वर मूठभर करवंदं. मी निघालो तसं मागून म्हणाली, “बेडा लाव हां मागसून!”

त्या पाणंदीत पुढे वाट खरंच नव्हती. घाणेरीने दोन्ही बाजूंनी तिला मिटवलं होतं. मी पुढच्या रविवारी कोयती घेऊन गेलो, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या खेपेला समोरून एक शाळकरी मुलगा जुनी सायकल हातात धरून येत होता. मला वाट द्यायला तो गडग्याला चिकटून उभा राहिला, आणि मी त्याला वाट द्यायला.

पाणंदी पक्क्या कराव्यात याला माझा विरोध नाही. आजारी माणसाला डोलीत घालून नेणारी वाडी पाहिली आहे मी, तिथे डांबरच हवं. पण जिथे रस्ता दुसरीकडून आलेला आहे तिथे जुनी वाट निदान उघडी राहावी. कायदाही तिच्या बाजूने आहे. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. अट एवढीच की अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. त्या वाटेने कोणी जात असेल तरच ती अडवलेली सहा महिन्यांत कळते.

म्हणून या. सायकलने या, नसेल तर चालत या. मृगाआधी या. गावनकाशा काढून घ्या, वाटेत भेटेल त्याला विचारा, खळ्यातून जायची वेळ आली तर हाक मारल्याशिवाय जाऊ नका. आणि कुंपणातलं बेडं ओलांडलं की त्याच्या आडव्या काठ्या पुन्हा खोबणीत सरकवून ठेवा. रोहिणीत आत धूळवाफेची पेरणी झालेली असते.