हाताचे चाक

विमानतळावरच्या हँगरमध्ये बोइंग 737 विमानांची देखभाल करण्यात माझी तीस वर्षे गेली. दोन्ही वैमानिकांच्या गुडघ्यांजवळ एक काळे चाक असते. ते फिरविले, की पोलादी केबलच्या ओढीने शेपटीतला लांब स्क्रू फिरतो, शेपटीचा आडवा पंख किंचित कलतो आणि विमानाचे नाक समतोल राहते. यालाच ट्रिम म्हणतात. तोच स्क्रू विजेची मोटरही फिरविते. सुकाणूवरचे बटण दाबताच चाक खडखडत आपोआप फिरू लागते. मोटर बिघडल्यास दोन स्विच बंद करावेत, चाकाची मूठ उघडावी आणि हाताने फिरवावे, अशी व्यवस्था.

"वीज दगा देईल, हात देणार नाही," असे आमचे फोरमन म्हणत. नव्या मुलांना मीही तेच सांगितले.

10 मार्च 2019 रोजी अदिस अबाबाहून नैरोबीस निघालेले 737 मॅक्स सहा मिनिटांत कोसळले. 157 जण गेले. एका संवेदकाच्या चुकीच्या सूचनेवरून स्वयंचलित यंत्रणा मोटरकरवी नाक खाली दाबीत होती. वैमानिकांनी दोन्ही स्विच बंद केले, चाक हाताने फिरवू पाहिले, ते फिरेना. वेग अतोनात वाढला होता. नाक वर राखण्यासाठी ते सुकाणू ओढून धरीत होते, आणि त्या ओढीनेच स्क्रूवरचा भार वाढत होता. जुन्या 737 मध्ये स्वयंचलित ट्रिमची वीज तोडूनही बटण चालू ठेवता येई. मॅक्समध्ये ती सोय उरली नव्हती. अखेर वीज पुन्हा जोडली गेली आणि तिच्यासोबत ती यंत्रणाही परतली.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. हँगरमधल्या उभ्या विमानावर हवेचा भार नसतो. तेथे चाक सहज फिरे. त्या सहजतेच्या बळावर मी हाताची हमी देत आलो होतो. 737 च्या आरंभीच्या पुस्तिकांत एक उपाय होता: ओढ क्षणभर सैल सोडावी, नाक खाली जाऊ द्यावे आणि तेवढ्यात चाक फिरवावे. पण त्यासाठी हाताशी उंची हवी.

2020 मध्ये सुधारणा झाल्या. आता ती यंत्रणा दोन संवेदकांची माहिती ताडून पाहते.

माझा भाचा वैमानिक होण्याचे शिक्षण घेत आहे. परवा त्याने विचारले, "मामा, शेवटी हाताने फिरतेच ना?"

मी म्हणालो, "फिरते रे, पण वेळेत हात घातला तर."