९ जमा, ७३ नावे

जिंकणाऱ्या संघावर प्रेम करायला अक्कल लागत नाही, घसा लागतो. हरणाऱ्या संघाकडे नीट बघायचं तर मात्र वही-पेन्सिल लागते. आमच्या चिरंजीवांना हे पटत नाही. ते पहाटे उठून मोबाइलवर अमेरिकेतलं बास्केटबॉल बघतात (अभ्यासाला उठत नाहीत, हे सांगणे न लगे!) आणि जो संघ वर असेल तो आपला म्हणतात. मी आपला त्यांच्याकडून एनबीएची जुनी कोष्टकं मागून घेतो आणि तळाची ओळ वाचतो. माझी एक ओळ ठरलेली आहे. फिलाडेल्फिया सेव्हन्टी-सिक्सर्स, १९७२-७३. सामने ८२, जिंकले ९, हरले ७३.

"बाबा, ती फालतू टीम काय बघताय?"

फालतू! अहो, ज्याने बी.कॉम.ला ताळेबंद जुळवत रात्री घालवल्या, त्याला असा आकडा दिसल्यावर चैन पडेल का? ८२ सामन्यांच्या पूर्ण हंगामात यापेक्षा कमी विजय आजवर कुणालाही साधलेले नाहीत. २०११-१२ साली शार्लट बॉबकॅट्सनी फक्त ७ सामने जिंकले खरे, टक्केवारीत ते यांच्याही खाली गेले. पण मालक-खेळाडूंच्या भांडणातून झालेल्या टाळेबंदीमुळे तो हंगामच ६६ सामन्यांचा होता. आता या संघाचं नाव बघा. १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्या शहरात झाला म्हणून सेव्हन्टी-सिक्सर्स. नावात ७६ आणि पराभव ७३. नावाला जागायला तीनच कमी पडले.

सुरुवातच मुळी लागोपाठ १५ पराभवांनी झाली. पुढे एकदा ओळीने २० झाले. शेवट १३ पराभवांनी केला. मधे कुठे तरी, चुकून दुसऱ्याच्या खात्यातली रक्कम आपल्या नावावर जमा व्हावी तसे, सातांपैकी पाच सामने जिंकले! त्या दोन-तीन आठवड्यांत फिलाडेल्फियातल्या सज्जनांनी काय मनोराज्यं केली असतील, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पण खरी मजा पुढेच आहे. हाच संघ १९६६-६७ साली विजेता होता. ८१ सामन्यांत ६८ विजय, १३ पराभव! तेव्हा अख्ख्या वर्षात जेवढे हरले त्याहून जास्त आता पहिल्या झटक्यात हरले. सहा वर्षांत असं झालं काय? चिरंजीव म्हणतात, "कोच बकवास असणार." लोक असंच म्हणतात. काउंटरवर जो बसलेला असतो त्यालाच ओरडा खावा लागतो. घोटाळा आधीच्या पानावर झालेला असतो.

ते पान मी उलटून बघितलं. विल्ट चेंबरलेन, उंची ७ फूट १ इंच, हा माणूस १९६८ साली लॉस एंजेलिस लेकर्सना देऊन टाकला. त्याच्या बदल्यात तीन खेळाडू घेतले. हजाराची नोट मोडून सुटे घ्यावेत आणि ते बसमध्येच संपावेत, तसं झालं. इकडे चेंबरलेन १९७१-७२ मध्ये लेकर्सकडून ओळीने ३३ सामने जिंकत होता. १९६९ साली चेट वॉकर शिकागोला गेला. १९७२ साली बिली कनिंगहॅम एबीए या प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला आणि त्याच वर्षी तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला. दरवर्षी नव्या तरुणांची निवड होते, तिथेही ओळीने चार-पाच वर्षं पहिल्या फेरीत घेतलेल्यांपैकी एकही मोठा निघाला नाही. म्हणजे १९७२ च्या त्या वहीत पहिल्याच ओळीवर कुणी तरी 'मागील पानावरून पुढे' असं लिहून ठेवलं होतं. ते ७३ एका वर्षाचे नव्हतेच, थकबाकी होती.

आणि ही वही हातात कुणाच्या दिली? तर रॉय रुबिन यांच्या. लाँग आयलंड युनिव्हर्सिटीच्या मुलांना शिकवणारे गृहस्थ, एनबीएचा अनुभव शून्य. संघाने कोच पाहिजे म्हणून पेपरात जाहिरात दिली होती, अशीही कथा सांगतात. ५१ सामन्यांत ४ विजय मिळाल्यावर रुबिनना घरी पाठवलं आणि संघातल्याच केव्हिन लॉकरी यांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी लगेच ११ सामने हरून दाखवले.

या सगळ्यात मला झोप लागू देत नाही तो हॅल ग्रीअर. १९५८ पासून एकाच संघात, संघ सिरॅक्यूजला होता तेव्हापासून. २१ हजारांवर गुण. १९६७ च्या विजेत्या संघातला हा. ६८ विजयही त्याने बघितले आणि हे ९ सुद्धा. हा त्याचा शेवटचा हंगाम. पंधरा वर्षं एका ठिकाणी इमाने-इतबारे काढलेल्या माणसाला निरोपाच्या वर्षी काय मिळावं? आमच्याकडे निदान शाल, श्रीफळ आणि साहेबांचं भाषण तरी मिळतं. (भाषण नको असेल तर तसं आधी सांगावं लागतं.)

फ्रेड कार्टरला मात्र त्या वर्षी संघाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरवलं. बुडालेल्या पतपेढीतला उत्कृष्ट कर्मचारी! हसू येतं, पण सामन्यामागे २० गुण त्याने केले होते. साठ पराभव पदरी असताना एकसष्टाव्या सामन्याला बूट बांधून उतरायचं आणि पुन्हा २० गुण करायचे, हे चिरंजीवांना एकदा करून बघायला सांगणार आहे. निदान सहामाहीच्या निकालानंतर वार्षिकचा अभ्यास तरी.

पुढे खातं सावरलं. १९७७ मध्ये संघ अंतिम फेरीत पोचला, १९८३ मध्ये विजेताही झाला. आणि तेव्हा कोच कोण, तर १९७२ साली सोडून गेलेला बिली कनिंगहॅम. लॉकरी तर पुढच्याच वर्षी, १९७४ साली, न्यूयॉर्क नेट्सना घेऊन एबीएचे विजेते झाले. ३१ पैकी २६ सामने हरलेला हाच माणूस बरं का! फरक एवढाच की तिकडे त्यांच्याकडे ज्युलियस अर्विंग होता.

हे सगळं चिरंजीवांना सविस्तर सांगितलं. ते म्हणाले, "मग रुबिनचं काय झालं?"

एनबीएमध्ये कोच म्हणून त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही.