साडेतीन किलोचं डबडं आणि आबांची विहीर

जुन्या, दणकट लॅपटॉपचं मला पहिल्यापासून वेड. पॅनासोनिकने १९९६ मध्ये पहिलं टफबुक बाजारात आणलं. तेव्हापासून ही एक वेगळीच जात आहे: मॅग्नेशियमचं अंग, रबरी झाकणांची पोर्टं, उन्हात वाचता येणारी स्क्रीन आणि वर उचलायला चक्क बॅगेसारखी मूठ. माझा त्याच जातीतला, पण दुसऱ्या कंपनीचा. पुण्यात सेकंडहँड मिळाला. विकणारा म्हणाला, "यात जीपीएस पण आहे सर." 'आहे' आणि 'चालतं' यातला फरक इंजिनिअर असूनही मला तेव्हा सुचला नाही.

दिवाळीला अमरावतीला आलो तेव्हा हा साडेतीन किलोचा ऐवज पाठीवर होता. बाबांनी उचलून बघितला.

"काय आनलं हे? शिलाई मशीन?"

"लॅपटॉप आहे बाबा. यात जीपीएस आहे. आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते सांगतं."

"मंग आपली विहीर कुठं होती थे सांगनार काय?"

ते सहज बोलून गेले आणि पेपर उघडून बसले. मी मात्र अडकलो.

आमचं शेत नांदगाव पेठला होतं, अमरावतीहून नागपूर रोडने दहा-बारा किलोमीटर. बहात्तरच्या दुष्काळानंतर आबांनी तिथे विहीर खोदली होती. पुढे शेत एमआयडीसीच्या संपादनात गेलं, मोबदला मिळाला, आम्ही अमरावतीत आलो, त्याच पैशावर माझं इंजिनिअरिंग झालं. विहीर बुजली. पण दर पाडव्याला संध्याकाळी बाबा पणती घेऊन जातात आणि विहीर होती त्या जागी लावून येतात. आधी चिंचेचं झाड होतं, त्यावरून अंदाज यायचा. मग चिंच गेली. मग रस्ता झाला, कंपाउंडची भिंत झाली. गेल्या वर्षी आई हळूच म्हणाली होती, बाबा आता कुठेतरी लावून येतात, त्यांनाच खात्री नसते.

तर मंडळी, धनत्रयोदशीच्या सकाळी, म्हणजे १८ ऑक्टोबर २०२५ ला, मी कामाला लागलो.

आधी बायोसमध्ये जीपीएस बंदच होतं. चालू केलं आणि विंडोज उघडलं तर माउसला भूत लागलं! कर्सर आपोआप पळतोय, आयकॉन उघडतायत, खिडक्या बंद होतायत. पहिली शंका व्हायरसची. खरं कारण फार गमतीचं निघालं. जीपीएसची चिप आतल्या सिरियल पोर्टवर दर सेकंदाला काही अक्षरं ओतत असते. विंडोज बूट होताना त्या पोर्टवर कोणीतरी बडबडतंय हे बघतं आणि ठरवतं की हा नव्वद सालातला सिरियल माउस असणार. मग आकाशातून आलेला प्रत्येक आकडा म्हणजे माउसची हालचाल! डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'सिरियल बॉलपॉइंट' नावाचं एक पाहुणं बसलं होतं. त्याला डिसेबल केलं, कॉम-३ मोकळं झालं.

पुट्टी उघडून पोर्टला जोडलं. आधी नुसता कचरा. बॉड रेट ९६०० चा ४८०० केला आणि स्वच्छ ओळी वाहायला लागल्या. त्यातली आरएमसी नावाची ओळ महत्त्वाची. वेळ, मग एक अक्षर, मग अक्षांश, रेखांश, वेग, दिशा, तारीख. ते एक अक्षर 'ए' असलं तर जागा सापडली, 'व्ही' असलं तर नाही. माझ्याकडे व्ही. आणि पुढे नुसते स्वल्पविराम.

स्लॅबखाली बसून वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून अपेक्षा करणं चूकच. गच्चीवर गेलो. आईने तिथे चकल्यांची भाजणी वाळत घातली होती, तिच्या शेजारी बसलो. अर्धा तास झाला तरी व्ही. इतकी वर्षं बंद असलेल्या रिसीव्हरला कोणता उपग्रह कुठे आहे याचा पत्ताच नसतो. पूर्ण यादी उतरवायला साडेबारा मिनिटं लागतात, तेही सिग्नल नीट असेल तर. म्हटलं ठीक, थांबू. पण तासाभराने धीर सुटला, मशीन उलटं केलं आणि अकरा स्क्रू काढले. आत अँटेनाची केसासारखी बारीक वायर सॉकेटमधून निघून नुसती पडलेली होती. कोणीतरी आधी उघडून परत लावायचं विसरलं असणार. बोटाने दाबली. टक्.

सात मिनिटांत ए.

हुश्श! मी तिथल्या तिथे एक स्क्रिप्ट लिहून ते आकडे नकाशावर टाकले आणि बघतो तर काय, मी कारंजा लाडच्या जवळपास कुणाच्या तरी शेतात बसलोय. बावन्न किलोमीटर लांब. दहा मिनिटं डोकं खाजवल्यावर उजेड पडला. ओळीत २०५६ असं लिहिलेलं असतं ते २०.५६ अंश नव्हे, २० अंश ५६ मिनिटं. मिनिटांना साठने भागायचं, म्हणजे २०.९३. आठवीच्या भूगोलात हे शिकवलं होतं, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत बहुधा पुसलं गेलं.

भागलं आणि ठिपका आमच्या गच्चीवर येऊन बसला. मी खाली उतरणार तेवढ्यात तारखेकडे लक्ष गेलं. ०४०३०६. चार मार्च दोन हजार सहा.

वेळ सेकंदापर्यंत बरोबर, जागा बरोबर, तारीख मात्र साडेएकोणीस वर्षं मागे. याचंही उत्तर आहे. जीपीएस आठवडे मोजतं, ६ जानेवारी १९८० पासून, आणि त्या आकड्याला जुन्या संदेशात जागा फक्त दहा बिटांची. म्हणजे १०२४ आठवडे झाले की मीटर परत शून्यावर. पहिल्यांदा ते १९९९ च्या ऑगस्टमध्ये झालं, दुसऱ्यांदा २०१९ च्या एप्रिलमध्ये. आपण कितव्या फेरीत आहोत हे रिसीव्हरने स्वतः ठरवायचं असतं, आणि जुन्या फर्मवेअरचा हिशोब कधीतरी संपतो. माझ्या चिपचा संपला होता. वारसुद्धा जुळत होता, कारण आठवडे पूर्णच्या पूर्ण गळतात. तेव्हाही शनिवार, आताही शनिवार.

याला नवं फर्मवेअर मिळतं का ते बघायला हवं होतं. मी नाही बघितलं. मार्च २००६ मध्ये मी तिसरीत होतो. शेत आमचं होतं, विहीर होती, आणि रविवारी बाबा मला मोटर चालू करायला न्यायचे. असू दे म्हटलं तारीख तशीच.

खरं काम पुढेच होतं. विहिरीचे अक्षांश-रेखांश कोणाकडे असणार? पण बाबांच्या ट्रंकेत गावनकाशाची एक जुनी प्रत होती, घडीवर फाटलेली, आणि आमच्या शेताच्या तुकड्यात विहिरीची खूण स्पष्ट होती. त्या नकाशातल्या ज्या गोष्टी आजही जागेवर आहेत त्यांच्यापाशी जाऊन रीडिंग घ्यायचं, क्यूजीआयएसमध्ये नकाशा त्या खुणांवर ताणून बसवायचा, की विहिरीची जागा निघते. रविवारी बाबांना स्कूटरवर मागे बसवून गेलो. मारुतीचं देऊळ, नाल्याचं वळण, पांदण जिथे गावाला लागते तो कोपरा. खुणा तीनच. निदान सहा तरी हव्या होत्या, पण बाकीचं सगळं बदललंय.

पाडव्याला साडेचारला निघालो. औद्योगिक वसाहतीत सुट्टीची शांतता, एखाददुसरा ट्रक. मी लॅपटॉप छातीशी धरून चालतोय, बाबा पणतीची पिशवी घेऊन मागे. ठिपका सरकत सरकत विहिरीच्या खुणेवर आला. समोर एका कंपनीच्या भिंतीलगतची कच्ची जागा.

"इथे, बाबा."

बाबांनी चहूकडे बघितलं. मग ते शांतपणे वीसेक पावलं रस्त्याकडे चालत गेले.

"इथं. चिंचेखालून उठलो का पंधरा पावलं. मी का आज जाऊन राह्यलो विहिरीवर?"

"पण चिंच कुठे होती ते तरी कुठे नक्की आहे?"

"तुह्यं यंत्र किती चुकते?"

"मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटर. पण नकाशा जुना, खुणा तीनच. धरा दहा मीटर."

(२ मे २००० च्या आधी असतो तर अमेरिका मुद्दाम सिग्नल बिघडवायची, शंभर मीटरपर्यंत. तेव्हा तर विहीर भिंतीपलीकडच्या प्लॉटमध्येही निघाली असती. हे बाबांना सांगण्यात अर्थ नव्हता.)

"पुऱ्या वीस फुटाची होती विहीर," बाबा म्हणाले. "दहा मीटरात दीड विहीर बसते."

आमचा आवाज ऐकून वॉचमन आला. आधी त्याला वाटलं आम्ही सर्व्हेवाले. बाबांनी गावाचं नाव सांगितलं, विहिरीचं सांगितलं. तो हसला.

"मंग थे तुमचीच असन, काका. इथं पाह्य, दर पावसाळ्यात खड्डा पडते. मुरूम टाकला का खचते, टाकला का खचते. ठेकेदार वैतागला पार."

त्याने दाखवलेली जागा माझ्या ठिपक्यापासून चौदा पावलांवर आणि बाबांच्या जागेपासून सहा. मुरुमाचा रंग वेगळा होता, मधोमध ताटाएवढी जमीन अजून दबलेली. बुजवलेली विहीर अशीच वर्षानुवर्षं बसत राहते. आतली भर सैल असते, पाणी मुरलं की खाली जाते. बाबा उकिडवे बसले आणि तिथे तळहात टेकवला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी लॅपटॉप त्या खड्ड्यात ठेवला आणि दहा मिनिटं रीडिंग घेत राहिलो, सरासरी काढायला. फाइलला नाव दिलं 'आबांची विहीर'. तारीख तिथे आठ मार्च दोन हजार सहाच पडली.

अंधार पडायला लागला. बाबांनी पणतीत तेल घातलं, वात लावली. रस्त्यावरून ट्रक गेला की वाऱ्याने विझायची. दोनदा विझली. तिसऱ्यांदा बाबांनी माझ्याकडे न बघताच लॅपटॉप ओढला, स्क्रीन उभी केली आणि पणती तिच्या आडोशाला ठेवली.

"पुढल्या वर्षी आनजो हे डबडं," ते म्हणाले. "वजन बरं हाय याचं. हालत नाई."