कमरेचं दुखणं

माणसाचं काय आणि मोटारीचं काय, खरं वय कमरेत कळतं. केसांना कलप लावता येतो, मोटारीला रंग देता येतो. पण कंबर एकदा बोलायला लागली की ती कुणाचं ऐकत नाही. आमच्या घरातल्या दोन कमरा एकाच वर्षी बोलायला लागल्या. एक आईची, वय त्र्याहत्तर. दुसरी आमच्या इस्टेट अ‍ॅम्बॅसडरची.

अ‍ॅम्बॅसडरचं घराणं तुम्हाला ठाऊक असेलच. मूळ ‘मॉरिस ऑक्सफर्ड’चं, १९५७ साली उत्तरपाड्याला रुजलं आणि २०१४ साली कारखान्यातला पाळणा थांबला. इस्टेट म्हणजे त्याच गाडीला मागं एक खोली काढलेली. आमची मामांकडून आली. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ला परभणीतून वेगळा निघाला. गाडी त्याच्याही आधीची, त्यामुळं जवळा बाजारात राहूनही ती स्वतःला परभणीचीच समजते. मामांनी तिच्यातून हळदीच्या पोत्यांपासून नवरीपर्यंत सगळं वाहिलं. तेव्हा कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं तरी कळतं, की नुसतं काढतच गेलं तर कुठलंही खातं एक दिवस रिकामं होतं.

हा काही जुन्या गाड्यांचा शौक नव्हता. आईला मणक्याच्या दुखण्यासाठी महिन्यातून दोनदा नांदेडला न्यावं लागे, आणि तिला बसवत नसे. मागचं बाक पाडून गादी अंथरली की या गाडीत तिला सरळ झोपता यायचं. पहिल्या खेपांना ती प्रत्येक खड्ड्याला “हळू घे रे बाबू” म्हणायची. मग म्हणेनाशी झाली. आणि एका सकाळी म्हणाली, “आता बरं वाटू लालंय मला. काहून उगं खर्च करता?” बरं वाटत असल्याचा हा दाखला खोटा आहे, हे ओळखायला डॉक्टर लागत नव्हता.

गाडी मागून आवाज करते ही बातमी गावात पसरायला चहाचा एक कप पुरला. आपल्याकडे आजार माणसाचा असो की मोटारीचा, निदान विनामूल्य असतं. आमच्या रोखपालांनी चाकात हवा जास्त असल्याचं सांगितलं. खतवाल्यांच्या मते प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस गेला होता. एका शिक्षकांनी गाडीकडे न बघताच “शॉकअब बदला” म्हणून निकाल दिला. घरातून सूचना आली, “विकून टाका.” हे निदान नव्हतं, पण उपचारांत सर्वांत स्वस्त तेच होतं.

मिस्त्री मात्र वेगळ्या घडणीचे. त्यांनी हत्याराला हात लावण्याआधी गाडी सपाट जागी उभी करायला लावली. मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी वर आली, जराशी खाली बसली आणि थांबली. “शॉकअब जिवंत आहे,” ते म्हणाले. “मेला असता तर झोका घेत राहिली असती.” मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत दोन्हीकडे वीत लावली. उजवी बाजू दोन बोटं खाली. म्हणजे त्या बाजूचे पाटे थकलेले किंवा तडकलेले.

इथं थोडं शास्त्र सांगतो. वाणिज्य शाखेच्या माणसाला अशी संधी वारंवार मिळत नाही. स्प्रिंग जितकी ताणाल तितक्या प्रमाणात ती उलट ओढते, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रजानं १६७८ साली छापला. मर्यादेपलीकडे ताणली की ती पूर्वस्थितीला येत नाही. कारकुनांच्या बाबतीत हा नियम त्याच्याही आधी ठाऊक असावा. इस्टेट गाडीत तर बरंचसं ओझं मागच्या आखाच्याही मागं पडतं, म्हणून तिची कंबर आधी जाते. त्यात आमची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरचा रस्ता तिच्याबरोबर नाचतो.

“पण आवाज नेमका कधी येतो?” मिस्त्रींनी विचारलं. मी म्हणालो, “सारखाच येतो.” आई ओट्यावर पडली होती. तिथूनच म्हणाली, “सारखा न्हाई येत. खड्ड्यात तर येतच न्हाई. निघताना एकदा, थांबताना एकदा. कुणी सरकून बसावं तसा. उजव्या अंगाला.”

मिस्त्री माझ्याकडे पाठ करून तिच्याकडे वळले. “अजून काय, मावशी?”

“गाडीबैलाचं असंच व्हतं बघा. आखाचं बांधणं ढिलं झालं की बैलानं वढल्यावर आख मागं ऱ्हातो, थांबल्यावर म्होरं येतो. माझ्या सासऱ्याला मी सांगायची, उतरा अन् बांधून घ्या.”

मिस्त्रींनी सुतळी मागवली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत आधी डावीकडे मोजली, मग उजवीकडे. अंगठाभर फरक! उजवीकडे आख मागं सरकला होता आणि आमची गाडी खेकड्यासारखी तिरकी चालत होती. यू बोल्ट सोडवले तेव्हा पाट्यांना एकत्र धरणारा सेंटर बोल्ट दोन तुकडे होऊन हातात आला. खालचा तिसरा पाटाही तडकलेला. यू बोल्ट ढिले पडले, सगळा भार त्या एका बोल्टावर आला, आणि बिचारा किती दिवस काढणार? प्रत्येक कचेरीत असा एक बोल्ट असतो.

पाटे दोन्ही बाजूंचे जोडीनं बदलले, नाहीतर गाडी एका खांद्यानं चालते. रबरी बुशांचे बोल्ट मिस्त्रींनी गाडी चाकांवर उतरवल्यावरच पक्के आवळले. अधांतरी आवळले तर रबर पिळून फाटतं. वर ताकीद दिली, “चारपाचशे किलोमीटर झाले की यू बोल्ट पुन्हा आवळून न्या. नवा बोल्ट थोडा ढिला होतोच.” बिल मोठं होतं. त्यांनी तपासणीचे पैसे मात्र लावले नाहीत. म्हणाले, “तपासणी मावशींनी केली.”

पुढच्या खेपेला वसमत मागं पडलं तरी मागून काही ऐकू आलं नाही. मला धास्ती वाटली. तिच्या गप्प राहण्याचा अनुभव चांगला नव्हता. आरशात पाहिलं तर आई तोंड उघडं टाकून झोपली होती. रस्ता होता तसाच होता.

नांदेडला उतरताना तिनं मागच्या चाकाजवळ हात टेकला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “पुढच्या डाव्या अंगाला जरा कुरकुरू लालंय बघ.”