ताप असेल तर पैसे परत

सिंगापूर,
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२०, रात्री

प्रिय सुधा,

फोनवर कितीही बोललं तरी आईचं समाधान होत नाही, तिला पत्रच लागतं. म्हणून हॉटेलच्या कागदावर लिहितेय. फोटो काढून पाठवते, तू तिला मोठ्याने वाचून दाखव. ‘तुझ्यापुरतं’ असं लिहिलेलं असेल ते मात्र गाळ.

खोलीला खिडकी नाही. जाहिरातीत पडदा दिसत होता. पडदा आहे, पण त्याच्या मागे भिंत. एसीचं बटण खाली काउंटरवरच्या मुलाच्या ताब्यात, आणि तो अठराच्या वर जायला तयार नाही. बाहेर अंगाला चिकचिक, आत हुडहुडी. मी स्वेटर आणि पायमोजे घालून बसलेय, हे बनियनवर घोरतायत. मर्लायन, बागा, तीन इमारतींवर ठेवलेलं ते जहाज, सगळं बघून झालं. फोटोत बघ.

आता तुझ्यापुरतं. आज इथल्या सरकारने कोरोनाच्या साथीचा इशारा पिवळ्यावरून नारिंगी केला. ‘डॉर्सकॉन ऑरेंज’ म्हणतात त्याला. मी संध्याकाळी दही आणायला कोपऱ्यावरच्या फेअरप्राइसमध्ये गेले, तर आत ही झुंबड! तांदळाच्या पिशव्या संपल्या, नूडल्स संपल्या, आणि टॉयलेट पेपरचं अख्खं कपाट रिकामं. एका बाईने ट्रॉलीत एवढे गठ्ठे रचले होते की ती त्यांच्यामागे दिसतच नव्हती. हे म्हणाले, “आपल्याला काय त्याचं? तांब्या जिंदाबाद.” मला हसू येईना. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग म्हटल्यावर टेट्रासायक्लीन असंच बाजारातून नाहीसं झालं होतं. घाबरलेला माणूस आधी काहीतरी विकत घेतो, मग विचार करतो.

दही मिळालं. स्ट्रॉबेरीच्या वासाचं, गोड. भातावर घेऊन बघितलं. पुन्हा घेणार नाही.

परवा आमची सहलीची बोट. योकोहामाला ती डायमंड प्रिन्सेस अडकलीय ते तू बघतच असशील. २५ जानेवारीला हाँगकाँगला उतरलेला एक प्रवासी नंतर पॉझिटिव्ह निघाला, आणि आज बोटीवरचा आकडा ६१ वर गेला. हे म्हणतात, ती जपानातली बोट, आपली इथली, तिचा हिचा काय संबंध. मी गप्प बसले. झोप येतेय.

ताई


शनिवार, ८ तारीख, दुपार

सुधा,

आज थैपुसम. सेरंगून रोडवर रात्रीपासून कावडी चालल्यात, गालातून सळ्या आरपार. आईला एवढंच सांग की मुरुगनाचं दर्शन झालं आणि गर्दीत मी नाकाला रुमाल धरला होता. मास्क कुठेच नाहीत. मुस्तफाच्या दुकानात पाटीच लावलीय, ‘संपले’. सरकार तरी सांगतंय की आजारी असाल तरच लावा, आणि घरटी चार मास्क वाटलेत म्हणे. पाहुण्यांच्या वाट्याला काही नाही.

सकाळी कोमला विलासमध्ये डोसा खाल्ला. डॉलरला एक्कावन्न-बावन्न रुपये असा गुणाकार ह्यांनी सांबारातलं शेवग्याचं बोट चोखता चोखता करून दाखवला, त्यामुळे दुसरा मागवायची माझी हिंमत झाली नाही. पण चहाच्या वेळी एका फूडकोर्टात काया टोस्ट मिळाला. काया म्हणजे नारळाचं दूध, अंडी आणि साखर आटवून केलेला मुरांबा. पातळ कुरकुरीत पावात तो, वर लोण्याची जाड वडी, शेजारी अर्धं कच्चं अंडं सोयासॉस घालून. अंडं मी ह्यांना दिलं. पाव मात्र असा होता की आपल्या नारळाचं आपण आजवर एवढं का केलं नाही, असा राग आला. आल्यावर करून घालीन.

मग बोटीच्या कचेरीत गेलो. दारात कपाळावर बंदूक रोखून ताप बघतात आणि शर्टावर गोल स्टिकर चिकटवतात. ह्यांच्या खिशावर आता तीन रंगांचे तीन झालेत. काढत नाहीत, बिल्ला मिळाल्यासारखे मिरवतायत. आत एक गृहस्थ स्टेपलरमध्ये पिना भरत बसले होते. मी म्हटलं, उद्याचं तिकीट रद्द करायचं झालं तर?

“ताप आहे?”
“नाही.”
“खोकला?”
“नाही.”
“गेल्या चौदा दिवसांत चीनला गेला होतात?”
“नाही.”
“मग तुम्ही प्रवासाला पात्र आहात. पात्र प्रवाशाने रद्द केलं तर पैसे परत नाहीत.”
“आणि ताप असता तर?”
“तर चढू देत नाही. पैसे परत.”

एवढ्या बोलण्यात त्याने मान वर केली नाही. पिना वाकड्या बसल्या, त्या काढून पुन्हा भरल्या. मी म्हटलं, म्हणजे आजारी माणसाला पैसे आणि शहाण्याला दंड? तर म्हणे, नियम चौथ्या पानावर आहेत. मुंबईच्या टूरवाल्यांना फोन लावला, तर ती मुलगी गोड आवाजात तेच चौथं पान वाचून दाखवायला लागली.

बाहेर आल्यावर हे म्हणतात, उद्या चढताना गरमगरम कॉफी पिऊन जाऊ, ताप दिसेल. कपाळावर मोजतात हो, तोंडात नाही!

तुझ्यापुरतं: दोघांचे मिळून पन्नास हजारांच्या घरात आहेत. गच्चीच्या गळतीसाठी ठेवलेले.

ताई


रविवार, ९ तारीख, सकाळ

सुधा,

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काल इथल्या पंतप्रधानांचं भाषण झालं, तीन भाषांतून. घाबरू नका, धान्य भरपूर आहे. माणूस शांतपणे बोलला, बरं वाटलं. पण बोटीचं उत्तर त्यात नव्हतं.

ह्यांचं म्हणणं सरळ आहे. शहरात तरी कुठे सुरक्षित आहोत? इथल्या सिमल्यासारख्या थंड खोलीत पैसे भरून बसायचं, त्यापेक्षा भरलेल्या पैशांत समुद्र बघू. तीन रात्रींनी परत. लाखात एखाद्याला व्हायचं. आणि त्यात खोटं काही नाही, आमच्या बोटीवर कोणी आजारी असल्याची बातमी नाही.

पण मला लागण होईल का हा माझा प्रश्नच नव्हता. लागण झालेला एक जण निघाला तर पुढे काय करतील, हा होता. योकोहामाला सदतीसशे माणसं आहेत. प्रवाशांना खोलीत बंद केलंय. ज्यांच्या खोल्यांना खिडकी नाही, त्यांना आळीपाळीने थोडा वेळ डेकवर सोडतात. बोटीवरची आपली खोलीही तसलीच, सगळ्यात स्वस्त. म्हाताऱ्यांच्या गोळ्या संपत आल्या म्हणून एकाने औषध नाही असं लिहून फडका बाहेर लटकवला. ह्यांच्या साखरेच्या गोळ्या मी शुक्रवारपर्यंतच्या मोजून आणल्यात.

आणि जेवण कोण पोचवतंय? कामगार. तेच रांधतायत, तेच ट्रे घेऊन दारोदार फिरतायत, रात्री एकाच खोलीत एकावर एक निजतायत, एकाच खानावळीत जेवतायत. अगं, वॉर्डात पेशंटना खोल्यांत कोंडलं आणि मावशींना सगळ्या खोल्यांतून फिरवलं तर त्याला विलगीकरण म्हणत नाहीत, वाटप म्हणतात. एवढं आमच्या सिव्हिल हॉस्पिटलातल्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरीलाही कळतं. त्या बोटीवर १३८ भारतीय आहेत, त्यातले १३२ कामावर.

वहिनींचा वेंगुर्ल्याचा भाचा अमेरिकेकडच्या एका बोटीवर स्वयंपाकघरात आहे ना, त्याला रात्री फोन लावला. विचारलं, जाऊ का? तो म्हणाला, “मावशी, आमच्याकडे बोट स्वच्छ असते, उलट्या-जुलाब सुरू झाले तर कठडे तासातासाला पुसतो. त्याची सवय आहे आम्हाला. पण हे खोकल्याचं आहे, ह्याचं आम्हाला कोणी शिकवलेलं नाही.” मग जरा थांबून म्हणाला, “तुम्ही नको म्हणू शकता. माझा करार मेपर्यंत आहे.” वहिनींना हे सांगू नकोस, त्या आधीच देव पाण्यात घालून बसल्या असतील.

चहा प्यायला खाली जाते. ह्यांना सांगायचंय.

नंतर. सांगितलं. आम्ही जात नाही. हे पेपर उघडून बसलेत आणि पान उलटत नाहीत.

ताई


गुरुवार, १३ तारीख

सुधा,

बोट काल सकाळी परत आली. एकालाही काही झालेलं नाही. माणसं टोप्या घालून, हसत उतरली. हे बघायला गेले होते, मुद्दाम. आल्यावर म्हणाले, “बुफेत आंबरस होता म्हणे.” फेब्रुवारीत! डब्यातला असणार.

मागच्या चार दिवसांत हाँगकाँगच्या बोटीचं मला निदान पाच वेळा ऐकवून झालंय. तीही अडवली होती, रविवारी संध्याकाळी सोडून दिली, सगळे ठणठणीत. खरं आहे. पण तिथे सोडण्याआधी अठराशेच्या अठराशे कामगार तपासले, एकही पॉझिटिव्ह निघाला नाही. जपानात कामगार राबवले. योकोहामाचा आकडा आज २१८ झाला. आणखी एक, वेस्टरडॅम, तिच्यावर रोगी सापडलेला नसतानाही जपान, तैवान, फिलिपिन्स, ग्वाम, थायलंड सगळ्यांनी बंदर नाकारलं. आज शेवटी कंबोडियाने घेतली. ह्यावर हे काही बोलले नाहीत, टीव्हीचा आवाज कमी केला. मी तो विषय आता काढणार नाही. त्यांना समुद्र हवा होता आणि मी दिला नाही, एवढं खरंच आहे. बोट सुखरूप आली म्हणून माझं मत बदलत नाही. जोवर बंदरं आणि कामगार ह्यांचं काय करायचं ते ठरत नाही, तोवर कोणी फुकट नेलं तरी मी चढणार नाही.

जादा दिवसांचं खोलीभाडं वेगळं पडलं, खिडकी नाहीच. जेवणाचा मला वीट आलाय. काल एका जागी मासा मागवला, तो वाफवलेला आला, डोळ्यांसकट, वर आल्याचे तुकडे. चांगला होता. तरी तिरफळं नाहीत, आगळ नाही, मासा कसला तो.

आता कामाचं. उद्या रात्री मुंबईत. सिंगापूरहून येणाऱ्यांना विमानतळावर तपासतायत, वेळ लागेल, गाडीवाल्याला उशिरा बोलाव. ताप नसेल तर घरी सोडतील, पण मी तेवढ्यावर विसंबणार नाही. आई ब्याऐंशीची आहे, तिची छाती तुला माहीतच आहे. आम्ही दोघं पंधरवडाभर मागच्या पडवीतल्या खोलीत राहू. ताट दाराशी ठेव, भांडी आमची आम्ही घासू. तोवर तुला रत्नागिरीत थांबावं लागेल. कोल्हापूरला तुझ्या घरी मी आजच फोन करून सांगते, तू नाही म्हणू नकोस. आणि आईला आत्ताच समजावून ठेव की मी आले तरी लगेच जवळ येणार नाही. ऐनवेळी कळलं तर ती रुसून जेवणार नाही. पैशांचा आकडा मात्र तिला सांगू नकोस.

तुझी,
ताई