फणी आणि तिचा गोतावळा

फणी म्हटले की कोणाला आजीपुढे मान खाली घालून निमूट बसलेली नात आठवेल, कोणाला केळीच्या घडातून कोयत्याने उतरवलेला एक थर, आणि ज्याचा सारा जन्म कापडाच्या धंद्यात गेला त्या माझ्यासारख्यास मागावर उभी असलेली, ताण्याची हजारो सुते एकमेकांपासून विलग राखणारी ती अरुंद चौकट. या तिन्ही वस्तूंना एकाच नावाखाली नांदविणाऱ्या लोकांनी दातांची ओळ तेवढी पाहिली असावी. दात हेच फणीचे लक्षण, हा समज सार्वत्रिक आहे. तो मला मात्र कधीच मान्य झाला नाही. दात करवतीला असतात, दाताळ्याला असतात. फणी ही फणी ठरते ती दोन दातांमधील मोकळ्या जागेमुळे. कोणास वाट द्यावी आणि कोणास अडवावे याचा निवाडा ती जागा करीत असते, आणि दात म्हणजे केवळ तिच्या हद्दीचे दगड.

इस्राएलमधील लाखीश येथील उत्खननात २०१६ साली एक हस्तिदंती फणी सापडली. लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. एका बाजूस सहा जाड दात, दुसऱ्या बाजूस चौदा बारीक. तिच्या पाठीवरचे पुसट ओरखडे ही अक्षरे आहेत, हे मादलेन मुमजुओग्लू या संशोधिकेच्या ध्यानात आले ते २०२१ च्या अखेरीस, आणि पुढल्या वर्षी जेव्हा त्या सतरा अक्षरांचे वाचन प्रसिद्ध झाले तेव्हा असे दिसून आले, की इसवी सनापूर्वी सतराशेच्या सुमाराचा तो कनानी मजकूर, म्हणजे वर्णलिपीत लिहिलेले आजवर हाती आलेले अतिप्राचीन पूर्ण वाक्य, दुसऱ्या कशाविषयी नसून डोक्याच्या आणि दाढीच्या उवांविषयी आहे! त्यांचे निर्मूलन व्हावे, एवढीच त्यात प्रार्थना आहे. राजाज्ञा, वंशावळी, देवस्तुती या सर्वांच्या आधी उवांनी नंबर लावावा याचे इतिहासकारांस वैषम्य वाटो. मला त्यात काहीच गैर दिसत नाही. जाड बाजूने गुंता सोडवायचा आणि बारीक बाजूने उवालिखा काढायच्या, ही विभागणी आपल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या दुहेरी फणीत अद्यापि जशीच्या तशी आहे. केस जाईल, पण ऊ जाणार नाही, एवढी फट साधली की कारागिराचे काम झाले.

मागावरच्या फणीत हाच हिशेब अधिक काटेकोरपणे करावा लागतो. जुन्या काळी ही फणी बोरूच्या किंवा वेताच्या पातळ चिपांची असे. वर दोन आणि खाली दोन अशा लाकडी पट्ट्यांच्या बेचक्यात एक चीप बसवावयाची, डांबर लावलेल्या दोरीचा तिच्या शेजारी एक वेढा द्यावयाचा, मग दुसरी चीप, पुन्हा वेढा, असे करीत ती हातभर लांब वाढवीत न्यावयाची. दोन चिपांमधील अंतर ठरे ते त्या दोरीच्या जाडीवर. म्हणून फणी बांधणाऱ्याची खरी कसोटी चिपा तासण्यात नव्हे, तर एकसारख्या जाडीची दोरी वळण्यात होती. पुढे बोरू गेला आणि पोलादी पाती आली. १७३३ साली उडता धोटा काढून विणकामाचा वेग वाढविणारा जॉन के धातूच्या फण्यांसाठीही ओळखला जाई.

स्टॉकपोर्ट पद्धतीत फणीचा अंक म्हणजे दोन इंचांतील फटींची संख्या. एका फटीतून दोन सुते ओवण्याचा प्रघात असल्याने हाच अंक इंचाला किती सुते बसतील तेही सांगतो. साठ अंकाच्या फणीत अठ्ठेचाळीस इंचांची रुंदी घेतली, तर २,८८० सुते एकामागून एक, आकड्याने ओढून, आपापल्या फटीत घालावी लागतात. इचलकरंजीस हे काम करणारांना वहिफणी कामगार म्हणतात. धोट्याच्या खडखडाटापासून दूर, माना वाकवून चाललेल्या या कामावर पाहुण्यांची नजर सहसा जात नाही, पण त्यांच्या हातून एका फटीत दोनांऐवजी तीन सुते गेली, तर ती चूक शेकडो वार कापडावर उमटत जाते.

पाते वाकले तरी तेच. कापड उजेडासमोर धरले की काठाला समांतर अशी एक विरळ रेघ आणि तिला लागून एक दाट रेघ, ताग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ धावताना दिसते. साचेखात्यात असे कापड आले, म्हणजे मुरलेला जॉबर भिंगही मागत नसे. माग थांबवून तो अंगठ्याचे नख फणीवरून एका बाजूकडून दुसरीकडे ओढी. सुरांची एक अखंड पट्टी ऐकू येई, आणि जेथे पाते वाकलेले असे तेथे ती पट्टी अडखळे. मग एक बारीक चिमटा, एक हलका दाब, पुन्हा नख. माझ्या पदवीला ही विद्या कधी पुरती साधली नाही.

विंचरण हा फणीचा दुसरा धंदा. मागावरची फणी सुताला जागा देते. विंचरणारी फणी तंतूंची निवड करते. इंग्लंडात ब्रॅडफर्डचे लोकर विंचरणारे कारागीर पोलादी दातांच्या दुहेरी तिहेरी ओळींच्या फण्या कोळशाच्या शेगडीवर तापवून, तेल लावलेली लोकर एका फणीवरून दुसरीवर उतरवीत. लांब तंतू वुस्टेड कापडाला जात, आखूड घोंगड्याब्लँकेटांना. ज्यांची कातडी लोखंडी फण्यांनी सोलली गेली अशी आख्यायिका आहे ते संत ब्लेझ या कारागिरांचे कुलदैवत, आणि १८२५ च्या फेब्रुवारीत त्यांची मोठ्या थाटाची मिरवणूक ब्रॅडफर्डने काढली. त्याच वर्षी जूनमध्ये हे कारागीर मजुरीसाठी संपावर गेले, सुमारे पाच महिने झगडले आणि हरले. पुढच्या पिढीत यंत्रे आली व त्यांचा धंदाच नामशेष झाला. १९८२ च्या जानेवारीत संपावर गेलेल्या आमच्या गिरणगावाला ही हकीकत परकी वाटण्याचे कारण नाही.

कापसाचे विंचरण यंत्राने साधून दिले ते म्यूलूझच्या जोसुए हाइलमान याने, १८४५ च्या पेटंटाने. मुली आपले लांब केस विंचरताना पाहून त्याला युक्ती सुचली, असे सॅम्युअल स्माइल्सने लिहून ठेवले आहे. कथा गोड आहे, मात्र यंत्र पाहिलेल्या माणसास ती अपुरी वाटते. केस एका टोकास डोक्याला घट्ट असतात. कापसाचा तंतू दोन्ही टोकांनी मोकळा. हाइलमानने जबड्यासारख्या पकडीत तंतूंचे एक टोक दाबून दुसरे विंचरले, मग पुढल्या रुळांनी ते विंचरलेले टोक धरून, मागचे टोक दुसऱ्या फणीतून ओढून काढले. जे तंतू पकडीत येण्याइतके लांब नसतील ते फणीच्या दातांत राहिले. जुने यंत्र हे सारे मिनिटाला शंभराच्या आसपास वेळा करी. आजचे पाचशे वेळा करते. शंभर किलो कापसातून दहापासून वीस किलो आखूड तंतू असे बाजूला पडतात, आणि या टाकाऊ मालाला, ज्याला खात्यात नुसते ‘कोंबर’ म्हणतात, फार मोठे गिऱ्हाईक आहे: चलनी नोटांचा कागद. नर्मदाकाठच्या नर्मदापुरमच्या, म्हणजे पूर्वीच्या होशंगाबादच्या, सरकारी कागद कारखान्यात तो जातो. तलम धोतराच्या लायकीचे जे ठरले नाहीत त्या तंतूंवर सरकार आपल्या वचनाची मोहोर उठविते, ही धंद्यातील माणसाला मनातून सुखविणारी गोष्ट आहे.

फणीच्या नावाचे आणखी दावेदार पुष्कळ. केळीच्या फणीचा दावा मला नुसत्या रूपावर मंजूर करता येत नाही. तिच्या फटींतून काहीच जात येत नाही. समुद्रात कंकतधारी नावाचे पारदर्शक जीव आहेत, त्यांच्या अंगावर सूक्ष्म केसांच्या फण्यांच्या आठ ओळी असतात. पण त्या फण्या वल्ह्यांचे काम करतात, म्हणून त्यांनाही मी दूरचे भाऊबंदच मानतो. ज्याचा हक्क मी बिनतक्रार मान्य केला आहे तो दावेदार मात्र अगदी अलीकडचा: २००५ चे भौतिकीचे नोबेल ज्यांना विभागून मिळाले त्यांपैकी थिओडोर हेन्श आणि जॉन हॉल यांची प्रकाशाची फणी. लेसरच्या अतिसूक्ष्म स्पंदांची नियमित मालिका सोडली, की तिच्या वर्णपटात कंप्रतेच्या लाखो बारीक रेषा समान अंतरावर उभ्या राहतात, आणि कोणत्याही अज्ञात प्रकाशाची कंप्रता, तो कोणत्या दोन दातांमध्ये पडतो हे पाहून, नेमकी मोजता येते. तेथेही अंतर एकसारखे राखण्याचीच सारी यातायात आहे. अंतर चुकले तर मापनात रेघ पडते. तिचा अंक स्टॉकपोर्ट पद्धतीने कसा सांगावा, एवढाच प्रश्न आमच्या पठडीच्या माणसांपुढे शिल्लक आहे, आणि दोन इंच तेथे कशाचे धरावयाचे यावर आम्हा निवृत्तांत अजून एकमत झालेले नाही.