राखेतलं पोटॅश

फराळ तळून झाला की कढईत काळसर तेल उरतं. घरात ते वाटीभर असतं, फरसाणवाल्याकडे डबेच्या डबे. तेलातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, असा नियम २०१८ पासून आहे. या तेलाचं बायोडिझेल होतं. त्यासाठी लागणारा उत्प्रेरक शेतातल्या टाकाऊ मालातून काढता येतो का, हे पाहणं माझं काम.

रसायन फार अवघड नाही. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला तीन मेदाम्लं जोडलेली असतात. मिथेनॉल ती एकेक करून सोडवून घेतं आणि मेदाम्लांचे मिथाइल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, तयार होतं. शंभर किलो तेलाला सुमारे अकरा किलो मिथेनॉल खर्ची पडतं. हाती जवळपास शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलो ग्लिसरीन येतं. ६० अंशांच्या आसपासचं तापमान पुरतं. मात्र नुसतं एकत्र ढवळून काही होत नाही, अल्कली लागते. कारखान्यांत त्यासाठी सोडियम किंवा पोटॅशियमची संयुगं विकत आणतात.

अल्कली राखेतही असते. राखेनं घासल्यावर भांड्यांचा ओशटपणा जातो तो तिच्यामुळेच. आसामात केळीची सालं जाळून त्या राखेतून पाणी गाळतात आणि ते ‘कोलाखार’ म्हणून स्वयंपाकात घालतात. गुवाहाटी विद्यापीठाच्या डेका आणि बसुमतारी यांनी २०११ मध्ये केळीच्या खोडाची राख वापरून पिवळ्या कण्हेरीच्या बियांच्या तेलापासून बायोडिझेल केल्याचं प्रसिद्ध केलं. केळ म्हटल्यावर आपल्याकडे रावेर-यावल डोळ्यांसमोर येतं. तिथं घड उतरवला की खोडाचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहतो. बरीच खोडं कापून बांधावर टाकतात.

खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे आधी चकत्या करून उन्हात वाळवाव्या लागतात. मग त्या जाळायच्या आणि ती राख भट्टीत पुन्हा तापवायची, म्हणजे उरलेला कोळसा जळून ती फिकट करडी होते. तिच्यात पोटॅशियमचं कार्बोनेट, ऑक्साइड आणि क्लोराइड मिळतं. मिथेनॉलमध्ये कालवून ती तेलात सोडली, तापवून ढवळली आणि मिश्रण विलगक नरसाळ्यात ओतलं की तासाभरात दोन थर पडतात : वर सोनेरी, खाली गडद ग्लिसरीन. तेलात मोकळी आम्लं जास्त असतील तर मात्र साबण होतो, धुवायला पाणी घातलं की सगळं ताकासारखं पांढरं होतं आणि थर सुटता सुटत नाहीत. म्हणून तळणीच्या तेलाचा आम्लांक आधी मोजायचाच.

आता अडचणीची गोष्ट. असे उत्प्रेरक ‘घन’ म्हणून मिरवले जातात. वापरा, गाळा, पुन्हा वापरा. याची परीक्षा सोपी आहे. राख मिथेनॉलमध्ये ढवळायची, गाळून फेकायची आणि ते नितळ मिथेनॉल तेलात घालायचं. अभिक्रिया तरीही चालली, तर काम राखेच्या कणांनी केलेलं नाही, विरघळलेल्या पोटॅशियमनं केलंय. केळीच्या राखेबाबत बहुतेक वेळा तसंच निघतं. प्रत्येक खेपेला राख दुबळी होत जाते. निसटलेलं पोटॅशियम काही ग्लिसरीनमध्ये उतरतं, काही बायोडिझेलमध्ये राहतं. इंधनात सोडियम-पोटॅशियम मिळून किलोमागे ५ मिलीग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, कारण त्यांचे साबण फिल्टर तुंबवतात. मग धुणं आलं आणि धुण्याचं पाणीही आलं.

‘पण राख फुकट आहे ना?’ असं हमखास विचारलं जातं. बायोडिझेलच्या खर्चात मोठा वाटा तेलाचा असतो. उत्प्रेरकावर वाचणारे पैसे त्यापुढे किरकोळ. शिवाय खोड जाळलं की त्यातलं नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातं. खोड कुजवून रानातच जिरवणाऱ्या शेतकऱ्याला ‘आम्हाला जाळायला द्या’ म्हणणं मला पटत नाही. पोटॅशसाठी आपला देश जवळपास पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे, आणि केळीनं जमिनीतून उचललेलं पोटॅश त्या राखेत आहे.

तरीही मी हे काम सोडलेलं नाही, कारण उत्प्रेरक खर्च होत नाही. काम झाल्यावरही पोटॅशियम तेवढंच असतं. ग्लिसरीनचा थर फॉस्फरिक आम्लानं उदासीन केला की पोटॅशियम फॉस्फेट खाली बसतं, आणि ते खत आहे. म्हणजे नाही तरी बांधावर जळणाऱ्या खोडाची राख शेतात परत जाण्याआधी वाटेत बायोडिझेलचं काम करून जाऊ शकते. त्यासाठी केळीचं रान, तळणीचं तेल गोळा करणारा आणि छोटा प्रकल्प एकमेकांच्या जवळ हवेत; ओली खोडं लांब वाहून नेली तर भाड्यातच सगळं जातं.

२०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं, असं २०१८ चं राष्ट्रीय धोरण सांगतं. त्या निमित्तानं राखेचे नवनवे उत्प्रेरक पुढे येतात : कोकोची टरफलं, भाताचा तूस, उसाची चिपाडं. तेलाचं रूपांतर ९५ टक्के झालं की ९८, यात मला फारसा रस उरलेला नाही. पोटॅशियम कुठं कुठं गेलं आणि त्यातलं किती रानात परत पोचलं, हे मी विचारते. त्याचं उत्तर किलोत देता आलं, तर पुढचं बोलू.